लाल दोरी, स्प्रिंग आणि संध्याकाळचे ऊन : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण एवढा वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. गॅरेजच्या दाराच्या ओपनरमधील, म्हणजे दार बटणाने उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या यंत्रातील, बिघाड घरच्या घरी कसे शोधावेत, या माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. इतर वाचकांसाठी ते आधी थोडक्यात सांगते. पहिला आक्षेप असा की ओपनर अडला की लाल मुठीची दोरी ओढून दार हाताने चालवून पाहा, असे मी लिहिले, पण ती दोरी केव्हा ओढू नये हे लिहिले नाही. दुसरा असा की स्प्रिंगला हात लावू नका असे बजावून मी वाचकांना उगाच घाबरवते आणि मेकॅनिकची धन करायला लावते. तिसरा असा की डॅलसजवळच्या आपल्या घरी दार संध्याकाळी बंद होईना, माझ्या लेखाचा काही उपयोग झाला नाही, तेव्हा आपण दाराच्या वाटेत काही आले तर ते ओळखणारे, चौकटीच्या दोन्ही बाजूंना खाली बसवलेले सेन्सर काढून समोरासमोर टेपने बांधले, छताजवळ ठेवून दिले, ओपनरचा जोरही थोडा वाढवला आणि दहा मिनिटांत काम झाले. मग हा सोपा उपाय मी का दिला नाही?

पहिला आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. लाल दोरी ओढली की दार ओपनरच्या ट्रॉलीपासून, म्हणजे त्याला ओढत नेणाऱ्या सरकत्या भागापासून, सुटे होते. दार खाली, पूर्ण बंद असेल तेव्हा त्याने काही बिघडत नाही. परंतु दार वर असेल आणि त्याच वेळी स्प्रिंग तुटलेली असेल, तर ओपनरच तेवढा त्या दाराला धरून असतो. दोरी ओढताच सगळा भार मोकळा होतो आणि दार धाडकन खाली येते. माझ्या लेखात 'आधी लाल दोरी ओढा' एवढेच वाक्य होते. ते नुसते अपुरे नव्हते, धोक्याचे होते, आणि आपण लक्षात आणून दिल्यावर मी ते त्याच दिवशी बदलले. आता तेथे असे लिहिले आहे की दोरी शक्यतो दार बंद असतानाच ओढावी. दार वर अडकले असेल, तर आधी दाराखाली न जाता, बाजूला उभे राहून स्प्रिंग अखंड आहे का आणि दार पेलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तारा जागेवर आहेत का ते पाहावे, आणि स्प्रिंग तुटलेली दिसली तर दोरीला हात न लावता, दाराखाली कोणाला जाऊ न देता, माणूस बोलवावा.

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि त्याला अनुभवाचा आधार आहे. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. एका जानेवारीत, कडाक्याच्या थंडीच्या रात्री, गॅरेजमध्ये कपाट कोसळावे तसा आवाज झाला. जाऊन पाहिले तर सारे जागच्या जागी होते. सकाळी बटण दाबले तेव्हा मोटर कण्हल्यासारखी झाली, दार वीतभर उचलले गेले आणि थांबले. मोटर जळाली असे समजून मी नवा ओपनर शोधायलाही बसले होते. नंतर सहज वर नजर गेली, तर दाराच्या वरच्या दांड्यावरील स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एके ठिकाणी दोन-तीन बोटे मावतील एवढी फट पडलेली होती. म्हणजे ओपनर धडधाकट होता आणि दाराची स्प्रिंग गेली होती.

या विषयात सर्वांत जास्त गैरसमज येथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दार उचलण्याचे काम ओपनर करत नाही, स्प्रिंग करते. दोन गाड्यांच्या गॅरेजचे सोळा फूट रुंद दार सहज दीडशे पौंडांच्या पुढे जाते, तरीही स्प्रिंग नीट ताणलेली असेल तर ते एका हाताने वर जाते. ओपनर फक्त त्याला पुढे-मागे नेतो. म्हणूनच बिघाड शोधताना दार आधी हाताने चालवून पाहायचे असते. बंद दाराची दोरी ओढावी, दार कंबरेपर्यंत उचलावे आणि हळूच आधार सैल करावा. ते तेथेच राहिले तर तोल बरोबर आहे. खाली घसरू लागले तर स्प्रिंग थकली आहे. मुळात हललेच नाही तर स्प्रिंग तुटली आहे, किंवा हिवाळा असेल तर दाराची खालची रबरी पट्टी बर्फाने फरशीला चिकटली आहे. सर्वसाधारण स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप करण्याच्या हिशेबाने बनवलेली असते. रोज चार वेळा दार वापरणाऱ्या घरात हा आकडा सात वर्षांच्या आत भरतो, त्यामुळे ती तुटण्यात नवल काही नसते.

आता ती स्वतः का बदलू नये? सात फूट उंचीच्या दाराची स्प्रिंग साधारण साडेसात फेरे पिळून बसवलेली असते. हे सगळे फेरे दोन पोलादी सळ्यांच्या आधाराने, पाव-पाव फेरा करत, हातांनी पेलून सोडायचे आणि पुन्हा भरायचे असतात. आमच्याकडे आलेला कारागीर ते करताना मी पाहिले आहे. एक सळी भोकात पूर्ण बसल्याची खात्री झाल्याशिवाय तो दुसरी काढत नव्हता, आणि चेहरा सळीच्या रेषेत कधीच येऊ देत नव्हता. सळीऐवजी घरातला स्क्रू ड्रायव्हर घालून हेच काम करणारे व्हिडिओ आहेत. तो स्क्रू ड्रायव्हर निसटला तर बोटे किंवा जबडा वाचेल याची शाश्वती नाही. दाराच्या तळाच्या कोपऱ्यांत जेथे तार अडकवलेली असते, तेथील स्क्रूही याच ताणाखाली असतात, म्हणून तेही सैल करू नयेत.

काही लोक गरज नसताना अख्खा ओपनर बदलायला लावतात, ही आपली तक्रार मात्र खरी आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे लक्षण ओळखता येणे. साखळीच्या ओपनरमध्ये मोटर फिरल्याचा आवाज येतो पण साखळी हलत नाही, आणि कव्हर उघडल्यावर आत पांढऱ्या प्लॅस्टिकचा चुरा दिसतो, तेव्हा बहुधा आतला गिअर झिजलेला असतो. तो वेगळा मिळतो, आणि प्लग काढून ठेवला तर घरी बदलता येतो. भिंतीवरचे बटण चालते पण एकही रिमोट चालत नाही, तेव्हा त्या बटणाच्या पॅनेलवरील लॉक चुकून दाबले गेले आहे का ते पाहावे. ओपनरमध्ये नवा एलईडी दिवा लावल्यापासून रिमोट अगदी जवळून तेवढा चालतो, असे झाले तर दिवा काढून पाहावा. काही दिव्यांचा रिमोटच्या लहरींना अडथळा होतो. यांपैकी कशासाठीही माणूस बोलवण्याची गरज नाही.

आता सेन्सरकडे येते. आपण लिहिले आहे की दार सकाळी व्यवस्थित बंद होते, साडेचारनंतर मात्र अर्ध्यावरून परत वर जाते, आणि हे नोव्हेंबरात घड्याळे हिवाळ्यासाठी तासभर मागे गेल्यापासून सुरू झाले. आपले गॅरेज दक्षिणाभिमुख आहे, हेही आपण ओघात सांगितले आहे. या वर्णनावरून सेन्सर खराब नाहीत, असे मला वाटते. त्या वेळी सूर्य नैऋत्येला खाली आलेला असतो आणि पूर्वेकडच्या चौकटीवरील सेन्सरचे तोंड पश्चिमेला असते. प्रकाश घेणारा सेन्सर तोच असेल, तर समोरून येणारा अदृश्य किरण त्याला उन्हाच्या झोतात ओळखू येत नाही, वाटेत काही आले आहे असे तो धरतो आणि दार परत वर जाते. माझ्या लेखात उन्हाचा उल्लेखच नव्हता, ही उणीव माझी.

उपाय असा आहे. ओपनरचा प्लग काढून दोन्ही सेन्सरांची अदलाबदल करावी, म्हणजे किरण घेणाऱ्या सेन्सरची पाठ सूर्याकडे होईल. बऱ्याच ओपनरमध्ये दोन्ही सेन्सरांच्या तारा त्याच दोन टोकांना जोडलेल्या असतात, त्यामुळे तारांचे रंग जसेच्या तसे जुळवले की झाले. तेवढेही नको असेल, तर पुठ्ठ्याच्या नळीचा बोटभर तुकडा भिंगाभोवती सावलीसारखा बसवून पाहावा. तोवर, भिंतीवरचे बटण दार पूर्ण खाली येईपर्यंत दाबून धरावे. सेन्सर नाही म्हणत असला तरी दार बंद होते. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, कारण बटण दाबून धरणारा माणूस दाराकडे पाहत उभा असतो. रिमोटने तसे होत नाही, तेही मुद्दामच.

टेपने बांधून छताजवळ ठेवलेल्या सेन्सरांना मात्र एकमेकांशिवाय काहीच दिसत नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना अशी वाट अडवल्याची जाणीव देणारी सोय कायद्याने सक्तीची झाली, ती दाराखाली सापडून मुले दगावली होती म्हणून. सेन्सर जमिनीपासून सहा इंचांहून उंच लावू नयेत हा नियमही त्यासाठीच आहे. खाली पडलेले, रांगणारे मूल त्या उंचीवर असते. आपल्या घरात लहान मूल नसेलही, पण शेजारचे मूल चेंडूमागे धावत येऊ शकते, आणि आपण तेव्हा गाडीतून रिमोट दाबून निघालेले असाल.

जोर वाढवल्यामुळे दुसरा आधारही, म्हणजे दार कशाला टेकताच उलटून वर जाणे, कमकुवत झाला आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की सेन्सर आजच खाली बसवा, वाढवलेला जोर होता तेथे आणा आणि एक चाचणी करा. दाराच्या मध्याखाली फरशीवर टू-बाय-फोरची लाकडी फळी आडवी ठेवा. तिची जाडी दीड इंच असते. दार फळीला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत उलटून वर गेले पाहिजे. गेले नाही, तर ते दुरुस्त होईपर्यंत ओपनरचा प्लग काढून दार हाताने वापरा. सेन्सर बसवल्यावर किरण घेणारा कोणत्या चौकटीवर होता ते मला अवश्य कळवा. तो पूर्वेकडचा नसेल, तर माझे निदान चुकले आहे आणि आपण सेन्सरच्या तारेला कोठे खिळा लागला आहे का, तेथून पुन्हा शोधू.