आधी खेड्यातल्या पाळकांचा पगार, मग वरिष्ठांची थैली

जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नुकतंच जाहीर झालं की वरिष्ठ धर्मगुरूंच्या, म्हणजे बिशपांच्या, सन्मानासाठी विशेष वर्गणी काढायची आहे. निवासाची दुरुस्ती, नवी गाडी, घरटी ठरलेली रक्कम. ज्यांच्यासाठी हे चाललंय ते माणूस म्हणून फार चांगले आहेत. उमेदीची वर्षं त्यांनी खेडोपाडी सायकलवर काढली. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही यंदा ही वर्गणी निघू नये असं माझं ठाम मत आहे. इथे लिहितेय, कारण उपासनेनंतर चहा घेताना सगळे हेच बोलतात आणि कमिटीसमोर कुणी तोंड उघडत नाही.

आपल्याकडे पैसा येतो कुठून? रविवारची दानाची पिशवी, दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा), हंगामाच्या सणातला लिलाव, नाताळचं दान. त्यातला ठरलेला हिस्सा वर धर्मप्रांताकडे, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाकडे, जातो आणि तिथून पगार निघतात. इंदूरसारख्या शहरातल्या मंडळ्या जास्त देतात, धार-झाबुआकडच्या मंडळ्यांना जमेल तेवढं. म्हणजे तिकडच्या पाळकाची चूल बऱ्याच अंशी आपल्या पिशवीवर पेटते. दान आटलं की उशीर आधी त्याच्या पगाराला होतो. वरच्या निवासाचं वीजबिल कधी थकल्याचं मी ऐकलेलं नाही.

पूर्वी ही ओढाताण आपल्याला दिसत नव्हती. १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इंदूर-महूकडे काम सुरू केलं आणि पुढे कित्येक वर्षं पैसा बाहेरून येत राहिला. आता तो आधार धरून चालता येत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्या देणगीतून प्रशासकीय खर्च करायची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पगाराचं ओझं आता आपणच उचलायचं आहे. त्याच घरांकडून गाडीसाठी वेगळे पैसे मागितले, तर ते पिशवीतूनच कमी होणार. शिलाईकाम करून घर चालवणाऱ्या आमच्या ताई दोन्हीकडे कुठून देतील?

मला सगळ्यात जास्त लागतं ते निवृत्त पाळकांचं. जन्मभर पाळकगृहात राहिलेला माणूस निवृत्तीच्या दिवशी बेघर होतो, हे आपण कधी मोठ्याने बोलत नाही. दर चार-पाच वर्षांनी बदली. कुठे जमीन घ्यावी, कुठे दोन खोल्या बांधाव्यात, तर हातात तेवढं कधी उरलंच नाही. मुलांच्या शाळा मोडल्या, पाळकबाईंची नोकरी बदलीपायी सुटली. ज्यांचा पीएफ नीट भरला गेला, त्यांच्याही पेन्शनची हमी काय, तर २०१४ पासून महिन्याला किमान १००० रुपये. बीपी-शुगरच्या गोळ्यांनाही ते पुरत नाहीत. ज्यांनी आपले बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, आईवडिलांना माती दिली, ते आज मुलीच्या घरी बाहेरच्या खोलीत राहतात आणि आपल्याला भेटले की आपलीच विचारपूस करतात. ज्येष्ठ धर्मगुरूंचा सन्मान करायचा, तर हे ज्येष्ठ नाहीत का?

कुणीतरी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं उदाहरण देईल, ते आधीच सांगते. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम आणि पगार दोन्ही सोडलं, हे खरं. पण तो त्यांनी स्वतः होऊन केलेला त्याग होता. दुसऱ्याचा पगार थकवून त्याला त्याग म्हणणं हा अन्याय आहे. आणि त्याग मागायचाच असेल, तर मागणी वरून सुरू व्हावी. ज्या इंग्लंडच्या चर्चकडून बिशपपदाची घडी आपल्याकडे आली, तिथेही हा प्रश्न होताच. १७०४ मध्ये राणी ॲनने गरीब पाळकांची मिळकत वाढवण्यासाठी निधी काढला. १८३६ नंतर श्रीमंत बिशपांच्या उत्पन्नाला कात्री लागली. बिशपांचा मान त्याने कमी झाला नाही.

काही जण म्हणतील, प्रवास मोठा, गाडी लागतेच. लागतेच, मान्य आहे. जुनी दुरुस्त करून आणखी काही वर्षं चालेल का, हे मेकॅनिकला विचारून कमिटीने सांगावं. आणि वर्गणी मागण्याआधी हिशेब वाचून दाखवावा: कुणाचा पगार किती महिने थकलाय, निवृत्तांच्या औषधपाण्यासाठी किती ठेवलंय, निवासावर गेल्या वर्षी काय खर्च झाला. हे कळलं तर लोक हात आखडता घेणार नाहीत. लॉकडाऊनमध्ये चर्च बंद असतानाही याच लोकांनी एकमेकांच्या दारात किराणा नेऊन ठेवला होता.

मी खजिनदारांशी बोलले. आमच्या घरच्या वाट्याचे पैसे मी देणारच आहे, पण पावतीवर ‘निवृत्त पाळकांच्या औषधोपचारासाठी’ असं लिहून. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घ्यायचं त्यांनी कबूल केलंय. ज्यांना पटतंय त्यांनी कृपया मीटिंगला यावं आणि तिथे बोलावं.