गर्भपिशवी काढा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी चुलत बहीण पलूसजवळच्या गावात असते, वय ३६. बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक मेसेज तिने मला पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, मीपण काढून घेऊ का?"

मेसेज लांबलचक आहे, पण त्यात सांगितलंय ते एवढंच. मुलं झाली की गर्भपिशवीचं काम संपतं. अंगावरून पांढरं जाणं ही कॅन्सरची सुरुवात असते. पिशवी काढली की पाळीची कटकट जाते आणि कॅन्सरची भीतीही. ऊसतोडीच्या बायका बघा, पिशवी काढून पुढच्या हंगामात कोयता धरतात, त्यांना काही होत नाही. आणि योजनेत फुकट होतंय तोवर उरकून घ्या.

ऊसतोडीच्या बायकांचा दाखला वाचून माझं डोकं फिरलं. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या टोळ्या आपल्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर उतरतात. त्या बायका कशा राहतात हे आपल्याला रस्त्यावरून जाताना दिसतं. पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाणी मिळेल तिथून. उजाडायच्या आत फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली असते, म्हणून एकीने खाडा केला तरी मुकादम पैसे कापतो. पाळीत विश्रांती नाही, कापड धुवायला पाणी नाही, मग जंतुसंसर्ग होतो. डॉक्टरकडे गेलं की कॅन्सरची भीती घातली जाते आणि बाई ऑपरेशनला तयार होते, त्यासाठीही पुन्हा उचल घेऊन.

२०१९ साली यावर ओरड झाली तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे जवळजवळ सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातलं प्रमाण शंभरात तीनेक बायकांचं आहे. बीडच्या बायकांची शरीरं काही वेगळी घडलेली नाहीत. वेगळं आहे ते त्यांचं काम आणि राहणं. ज्या गोष्टीची सरकारला चौकशी करावी लागली, ती हा मेसेज आपल्या बायकांपुढे आदर्श म्हणून ठेवतो! आणि "त्यांना काही होत नाही" हे कोणी कोपीत जाऊन विचारलं? कंबरदुखी, अंगात भडके, जड उचलता न येणं हे त्या बायका स्वतः सांगतात. तरी पुढच्या वर्षी कोयता धरतात, कारण उचल फिटलेली नसते.

पिशवीचं काम संपतं, हेही खोटं. ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा अंडाशयही काढून टाकतात आणि बाईला ते सांगतही नाहीत. चाळिशीच्या आत अंडाशय गेलं की पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवलं तरी पिशवी गेल्याने ते लवकर थकण्याची शक्यता असते.

पांढरं जाणं बऱ्याचदा नैसर्गिक असतं, नाहीतर जंतुसंसर्गाने होतं आणि ते औषधाने बरं होतं. नवऱ्यालाही कधी कधी गोळ्या घ्याव्या लागतात, ते मेसेजमध्ये कशाला येईल?

एक गोष्ट मान्य करते. पिशवी तोंडासकट काढली तर तिथला कॅन्सर होत नाही, हे खरं. मोठ्या गाठी असतील, औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल, अंग बाहेर येत असेल किंवा कॅन्सर निघाला असेल, तर ऑपरेशन लागतं आणि त्याने जीव वाचतो. पण नुसत्या भीतीपोटी निरोगी पिशवी काढायची गरज नाही. आपल्याच राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. एचपीव्ही हा गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा, कॅन्सर घडवणारा विषाणू. आयुष्यात एकदा त्याची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तिशीनंतर सरकारी दवाखान्यातही या कॅन्सरची साधी तपासणी होते.

राहिलं फुकटचं. योजनेत बाईला फुकट असलं तरी दवाखान्याला विम्याचे पैसे मिळतात. त्या पैशासाठी बिहार, छत्तीसगड, राजस्थानात अशीच ऑपरेशनं झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याची नियमावली तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

बहिणीला मी सांगितलंय, आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घे. कोणी काढा म्हणालंच तर विचार: आजाराचं नाव काय, रिपोर्टमध्ये ते कुठे लिहिलंय, औषध देऊन पाहिलं का, अंडाशय ठेवणार का? उत्तरं कागदावर घे आणि तो कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखव. ग्रुपवर हा मेसेज टाकणाऱ्या ताईंनी माझं हे उत्तरही तिथेच टाकावं.