तालीम टिपलेली नाही, रचलेली आहे

फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांच्या ‘वान्या ऑन फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ (१९९४) या अखेरच्या चित्रपटाविषयी एक विधान वारंवार केले जाते. न्यूयॉर्कमधील काही नट एका पडक्या नाट्यगृहात रशियन नाटककार चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’ची तालीम करत होते, माल यांनी तेथे कॅमेरा लावला आणि जे घडले ते टिपले, म्हणून हा चित्रपट नव्हे, तर वेशभूषा आणि नेपथ्य नसलेले चित्रित नाटक आहे, असे त्याचे सार. हा चित्रपट मला अतिशय जवळचा आहे, पण आक्षेपाचे कारण ते नाही. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही.

‘तेथे तालीम चालू होती’ हे पहिले गृहीतकच चुकीचे आहे. नाट्यदिग्दर्शक आंद्रे ग्रेगरी यांनी १९८९ पासून काही वर्षे, खंड पडत, या नाटकाच्या तालमी घेतल्या, त्या फॉर्टी-सेकंड स्ट्रीटवरीलच व्हिक्टरी या बंद पडलेल्या नाट्यगृहात. मोजक्या निमंत्रितांपुढे ते सादर झाले, पण तिकीट लावून प्रयोग करण्याचा हेतू नव्हता. चित्रीकरण झाले ते नंतर, १९०३ साली उघडलेल्या आणि तेव्हा मोडकळीस आलेल्या न्यू अ‍ॅमस्टरडॅम या दुसऱ्या नाट्यगृहात. म्हणजे पडद्यावर दिसणारी तालीम ही कॅमेऱ्यासाठी योजलेली आहे. ती पाहायला आलेल्या पाहुण्यांमध्येही अभिनेत्री मधुर जाफरी आहेत, आणि त्या तेथे मिसेस चाओ नावाची भूमिका करत आहेत.

‘दिग्दर्शकाने केवळ टिपले’ म्हणणाऱ्यांनी सुरुवातीची काही मिनिटे पुन्हा पाहावीत. नट रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढत येतात, नाट्यगृहात शिरतात. वान्या करणारे वॉलेस शॉन दमून एका बाकावर आडवे होतात. बाजूला लॅरी पाइन आणि वयोवृद्ध फीबी ब्रँड बसून बोलत आहेत. आपली ओळख किती वर्षांची, कामाने माणूस कसा झिजतो, असे काहीसे. हे दोन नटांचे बोलणे आहे असे आपण धरून चालतो आणि मग ध्यानात येते की नाटकाचा पहिला अंक सुरू झालेला आहे, डॉक्टर आस्त्रॉव्ह म्हाताऱ्या दाईशी बोलत आहे आणि बाकावर झोपलेले शॉन आता वान्या म्हणून जागे होणार आहेत. चेकॉव्हच्या संहितेतही वान्या दुपारची झोप काढूनच प्रवेश करतो. नाट्यगृहात पडदा उघडतो किंवा दिवे बदलतात, त्यामुळे नाटक कुठे सुरू झाले हे प्रेक्षकाला कळतेच. येथे ती सीमारेषा कॅमेऱ्याच्या जागेने आणि संकलनाने पुसली आहे. टिपण्याने हे साधत नाही.

वेशभूषेचा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. साधे सदरे, कागदी पेले आणि अमेरिकन नाटककार डेव्हिड मॅमेट यांच्या रूपांतरातील तुटक अमेरिकन बोली यांमुळे रशियन खेड्यातला संथपणा काही अंशी हरवतो, हे मला मान्य आहे. पण नेपथ्य नाही हे म्हणणे खरे नाही. उंदरांनी दोरखंड कुरतडल्यामुळे मूळ रंगमंच वापरता येत नव्हता, म्हणून नट खाली, प्रेक्षागृहाच्या बाजूला काम करतात आणि त्यांच्याभोवती एके काळचे वैभव उघडपणे ढासळलेले दिसते. तुटत चाललेल्या जंगलांविषयी आस्त्रॉव्ह कळवळून बोलतो, इस्टेट विकण्याची गोष्ट निघते, तेव्हा ती वास्तूच त्या संवादांना आधार देते. यापेक्षा योग्य नेपथ्य मला सुचत नाही.

राहिला ‘चित्रित नाटक’ हा शब्द. आपल्याकडे दूरदर्शनवर नाटकांची चित्रणे पाहिलेल्यांना त्याचा अर्थ नेमका ठाऊक आहे: शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावी अशी शब्दफेक, आणि ती लांबून पाहणारा कॅमेरा. येथे ज्युलिअन मूर यांची येलेना आणि ब्रूक स्मिथ यांची सोन्या, म्हणजे तिची सावत्र मुलगी, रात्री समेट करतात तो प्रवेश जवळजवळ कुजबुजीत होतो. हसता हसता डोळे भरून येणे, उत्तर देण्याआधी नजर क्षणभर खाली जाणे, हा अभिनय डेक्लन क्विन यांचा कॅमेरा हातभर अंतरावर आहे म्हणूनच आपल्यापर्यंत येतो; भरलेल्या नाट्यगृहात तो दहाव्या रांगेलाही दिसला नसता.