ब्राह्मी लिपी आणि माझी धाप

बोरिवलीत तीस वर्षं राहून मी कान्हेरीची बौद्ध लेणी पाहिली नव्हती, हे मेहुण्याने एका साखरपुड्यात वीस माणसांसमोर जाहीर केलं. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही नॅशनल पार्कच्या गेटवर.

"बस कशाला भाऊजी? सहा-सात किलोमीटर तर आहे, गप्पा मारत जाऊ."

गप्पा त्याने मारल्या. मी फक्त "हं" म्हणत होतो, तेही एक चढ सोडून एक. लेण्यांशी पोचलो तर पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या. शंभराहून जास्त गुंफा आहेत म्हणे, आणि सुमारे हजार वर्षं खोदकाम चाललं होतं. मला ते सगळं एका दुपारी उरकायचं होतं.

तिसऱ्या लेण्यातला चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, पाहून मात्र चढ विसरलो. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सातेक मीटर उंच बुद्ध उभे, उजवा हात वरदमुद्रेत. मी मनातल्या मनात परतीची बस मागून घेतली.

तिथेच मला युक्ती सापडली. भिंतीवर ब्राह्मी लेख दिसला की थांबायचं, चष्मा पुसायचा, भुवया आक्रसायच्या. धाप लागलेला माणूस आणि अभ्यासू माणूस लांबून सारखेच दिसतात. मेहुणाही दबून गप्प झाला. नाही म्हणायला थोडं वाचून आलो होतो: कल्याण, सोपारा, नाशिकच्या लोकांनी इथे दानं दिली, नावं कोरून ठेवली. पाण्याच्या टाक्याला लेखांत 'पोढी' म्हणतात. पावसाचं पाणी कातळातल्या चरांतून त्यांत उतरतं. (आमच्या सोसायटीत टाकी धुवायचा ठराव तीन मीटिंगा पडून आहे.)

मध्येच एका माकडाने हिने दिलेला थालीपिठांचा डबा पळवला. झाकण त्याने माझ्यापेक्षा लवकर उघडलं.

एका ओट्यावर टेकून मी पुन्हा भिंतीकडे टक लावली होती. मागे कॉलेजची सात-आठ पोरं कधी जमली, कळलंच नाही.

"काका, काय लिहिलंय?"

"पोढी," मी म्हणालो. "कल्याणच्या कुणीतरी पाण्याची सोय केली."

एकीने वहीत लिहून घेतलं. मेहुण्याची छाती फुगली.

"भाऊजींना सगळं वाचता येतं," तो म्हणाला. "चला, वर अजून पुष्कळ लेख आहेत."