पलाऊच्या झेंड्यावरचा पिवळा गोल: फॉरवर्ड करण्याआधी

प्रशांत महासागरातल्या पलाऊ या छोट्या बेटांच्या देशाचा फोटो फिरतो: निळ्या झेंड्यावर पिवळा गोल, आणि फोटोखाली मजकूर: ‘१९९४ मध्ये स्वतंत्र होताना पलाऊने जपानच्या उपकारांची आठवण म्हणून जपानसारखा झेंडा घेतला. गोल म्हणजे सूर्य, निळा म्हणजे समुद्र. जपानशी बरोबरी नको म्हणून गोल मुद्दाम मध्यापासून सरकवला.’ गोष्ट गोड आहे, म्हणूनच फिरते.

आधी साल. पलाऊ १ ऑक्टोबर १९९४ ला स्वतंत्र झाला, हे बरोबर. झेंडा मात्र १ जानेवारी १९८१ चा. संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेकडे कारभारासाठी सोपवलेल्या विश्वस्त प्रदेशात असतानाच पलाऊचं स्वतःचं सरकार आलं, तो हा दिवस.

गोल सूर्याचा नाही, पौर्णिमेच्या चंद्राचा आहे. मासेमारी, लावणी, कापणी, झाडं तोडणं, होड्या कोरणं, सणसमारंभ या सगळ्याला पलाऊत पौर्णिमेचा काळ उत्तम मानतात. यात नुसती श्रद्धा नाही. प्रवाळखडकांतले कित्येक मासे चंद्राच्या कलेप्रमाणे ठरलेल्या जागी अंडी घालायला जमतात. कुठला मासा कोणत्या तिथीला कुठे सापडेल, हे तिथल्या जुन्या जाणत्या कोळ्यांना तोंडपाठ असायचं. अशा लोकांनी झेंड्यावर चंद्र घेतला, तर त्यासाठी जपानकडे कशाला पाहायला हवं?

निळा म्हणजे समुद्र, हा अंदाज कुणीही बांधेल. पण अधिकृत अर्थ वेगळाच आहे: परकी सत्ता जाऊन स्वराज्य आलं, त्या स्थित्यंतराचा हा रंग. त्या परक्या सत्तांमध्ये स्पेन, जर्मनी आणि अमेरिकेबरोबर १९१४ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत राज्य करणारा जपानही येतो. ज्या झेंड्यावर परकी राजवट संपल्याची खूण आहे, त्याच झेंड्याने त्यातल्या एका राजवटीचे आभार मानायचे, हे जरा अजबच.

पलाऊ आणि जपानमधला जिव्हाळा मात्र खोटा नाही. पलाऊच्या भाषेत जपानी शब्द भरपूर आहेत आणि १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष असलेले कुनिवो नाकामुरा यांचे वडील जपानी होते. पण झेंड्याच्या अधिकृत अर्थात जपानचं नाव येत नाही.

राहिला सरकलेला गोल. बांगलादेशाच्या झेंड्यावरचा लाल गोलही काठीकडे सरकलेला आहे. कारण साधं: बाहेर वाऱ्यावर फडकणाऱ्या झेंड्याचं मोकळं टोक दुमडतं, लोंबतं, आणि बरोबर मध्यावरचा गोल बाहेरच्या बाजूला ढळल्यासारखा दिसतो. काठीकडे थोडा घेतला की खालून पाहणाऱ्याला तो मध्यावर वाटतो.

आणि खुद्द जपान? १८७० च्या फर्मानात व्यापारी जहाजांवरच्या झेंड्याचं माप दिलं होतं, त्यात लाल गोल लांबीच्या शंभराव्या भागाने काठीकडे होता. तो नेमका मध्यावर आला १९९९ च्या कायद्याने. म्हणजे पलाऊने १९८१ मध्ये जपानच्या आदरापोटी म्हणे गोल सरकवला, तेव्हा जपानचा स्वतःचा गोलही कागदोपत्री सरकलेलाच होता.