बरणी हलवू नये

नवऱ्याचे मामा आमच्याकडे मुक्कामाला आहेत आणि कालपासून मी त्यांच्याशी फक्त चहापुरतं बोलते आहे. "चहा?" "हो." संपलं. पंचाईत अशी की हा अबोला आहे हे त्यांना अजून कळलेलंच नाही. "सूनबाई शांत आहे हो, उगाच बडबड नाही," असं त्यांनी फोनवर कुणाला तरी कौतुकाने सांगितलेलं मी ऐकलं.

प्रकरण बरणीचं आहे. यंदा सणाला विकतचे डबे द्यायचे नाहीत, घरी केलेल्या सूपच्या कोरड्या मिश्रणाच्या बरण्या द्यायच्या, असं मी ठरवलं. काचेच्या बरणीत कडधान्यांचे रंगीत थर, गळ्याला दोरी, दोरीला चिठ्ठी. फोटोत हे फार देखणं दिसतं. फोटो काढणारीचा ओटा फोटोत येत नाही, त्यामुळे असेल.

कारण 'नुसतं भरायचं तर असतं' हे वाक्य फक्त न भरणारी माणसं म्हणतात. कडधान्य आणलं की आधी त्याला थंडी दाखवावी लागते. उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवलं की आतली किड्यांची अंडी मरतात, नाहीतर आपण प्रेमाने भेट दिलेली बरणी महिन्याभरात चालायला लागते. म्हणजे चार दिवस फ्रीजरमध्ये आइसक्रीमच्या जागी चवळी. मुलं फ्रीजर उघडतात, चवळीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, थंड दाण्यांना हवेतलं पाणी सुटतं. मिश्रणाचं नाव कोरडं, पण सगळी लढाई पाण्याशीच.

मग राजमा. राजमा दिसायला गरीब, पण कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं. तो निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. नुसत्या मंद आचेवर ठेवला तर सूपऐवजी उलट्या. शिवाय टोमॅटोची पूड आधीच पडली तर आंबटपणाने दाणे शिजता शिजत नाहीत, म्हणून पूड, मीठ आणि मसाला वेगळ्या पुडीत बांधून सगळ्यात वर ठेवायचा. हे सगळं चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठी असते बोटभर.

आणि थर! बारीक दाणे जाड दाण्यांवर टाकले तर ते फटींतून खाली झिरपतात आणि रेघ पुसली जाते. म्हणून तळाला मसूर डाळ, ती दाबून सपाट करायची, मग मूग, मग चवळी, सगळ्यात वर राजमा. प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने काचेला भिडवायचा, तेव्हा कुठे बाहेरून सरळ रेघ दिसते. बरणी वाकडी झाली की रेघ वाकडी. शिंक आली तर ओट्यापासून लांब जाऊन द्यायची.

या अवस्थेत मामा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि खुर्ची ओढून बसले. मामा खुर्ची ओढून बसले की उठत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले आहेत त्यांनी, आता निवृत्त झाल्यावर जे समोर येईल ते तपासतात.

"काय आहे हे? औषध?"

"नाही मामा, सूपचं सामान. भेट द्यायला. कोरडं असतं."

"कोरडं सूप," मामा म्हणाले आणि जरा वेळ गप्प बसले. "पाणी कोण घालणार?"

"ज्यांना देऊ ते."

"भिजवणार कोण?"

"तेच."

"शिजवणार?"

"तेच हो मामा."

"मग आपण नेमकं काय देतो?"

या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. चवळीचा थर चालू होता.

"बरं, हे असं वेगवेगळं का रचलंयस?"

"छान दिसतं."

"शिजल्यावर असंच राहतं?"

"नाही, शिजल्यावर एकत्र होतं."

"म्हणजे शेवटी एकत्रच करायचं आहे."

"हो, पण शेवटी."

मामांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. मी पाठ वळवली, झाकणांचे आटे पुसायला. (ही आट्यांच्या तोंडाची बरणी म्हणजे जॉन लँडिस मेसन नावाच्या अमेरिकन माणसाचं १८५८ सालचं पेटंट. झाकण घट्ट बसावं, हवा आत जाऊ नये, एवढा सगळा विचार त्या भल्या माणसाने केला. बाहेर खुर्चीवर कोण बसलेलं असेल, याचा केला नाही.) तेवढ्यात मागून खळ्ळ खळ्ळ खळ्ळ असा आवाज आला.

मामांनी तयार झालेली, दोरी बांधलेली, चिठ्ठी लावलेली बरणी उचलली होती. एक हात झाकणावर, एक हात बुडाला. आधी उलटी, मग सुलटी, मग उलटी, औषधाची बाटली हलवतात तशी, मन लावून. चेहऱ्यावर मदत केल्याचं समाधान.

"मामा! अहो काय करताय!"

"एकजीव करतोय. त्यांचं तेवढंच एक काम वाचलं."

बरणीत आता रेघ नव्हती, रंग नव्हता, होता तो एकच मातकट गोंधळ. वरची पुडी फुटली होती आणि टोमॅटोची लाल पूड काचेला आतून चिकटून बसली होती. मामांनी ती उजेडात धरून बघितली.

"आता रंग आला," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत त्यांनी बरणी टेबलावर ठक ठक आपटली. "आता गंमत बघ. मोठे दाणे आपोआप वर येतात. बारीक दाणे फटींतून खाली जातात, मोठ्यांना वर ढकलतात. विज्ञान आहे हे."

आहे. खरंच आहे. याला ब्राझील नट परिणाम म्हणतात, मला माहीत आहे. ठक ठक करता करता राजम्याचे दाणे एकेक करून डोकं वर काढायला लागले, आणि मामा माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू राजमा त्यांनीच पिकवला.

"बघ, आला की नाही वर?"

"मामा, तो आधीपासून वरच होता."

"हो, पण तेव्हा तू ठेवला होतास. आता तो स्वतः आला."

संध्याकाळी मी नवऱ्याला हे सगळं अभिनयासकट सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "पण मुद्दा बरोबर आहे ना मामांचा, शेवटी एकत्रच होणार." म्हणून त्यालाही आता चहापुरतंच.

मामांचं जाऊ दे, ते निदान तोंडावर बोलतात. दिलेल्या बरण्यांचं काय झालं ते ऐका. जाऊबाई म्हणाल्या, "अय्या, घरी केलंस? तुला वेळ बरा मिळतो गं." एका मैत्रिणीने बरणी उलटी करून बुडाला काही चिकटवलंय का ते बघितलं, किंमत शोधत होती की कंपनी, ते कळलं नाही. एकीने फोन केला की आमच्याकडे राजमा कुणी खात नाही, तेवढा काढून दुसरी बरणी देशील का. विकतचा डबा दिला की हीच माणसं "अगं कशाला एवढं" म्हणतात आणि दोन्ही हातांनी घेतात. तो डबा कुणीतरी यंत्रावर भरलेला असतो, आत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, पण त्यात दुरुस्ती कुणी सुचवत नाही. घरी केलेल्या वस्तूला मात्र सूचनांची पेटीच जोडलेली असते. मीठ वेगळं द्यायचं होतंस. झाकण सोनेरी हवं होतं. आणि घरी केलंय म्हणजे स्वस्तात उरकलंय, हे कुणी म्हणत नाही, पण समोर दिसतं. चांगल्या डाळी, काचेच्या बरण्या आणि दोरी जोडली तर विकतचा डबा स्वस्त पडला असता, हे मी कुणाला सांगू? सांगितलं तर भेटीची किंमत सांगितली म्हणून पुन्हा मीच वाईट.

आज सकाळी जाऊबाईंनी फोटो पाठवला. बरणी त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात, दिवा लावून ठेवलेली. खाली लिहिलंय, "इतकी सुंदर आहे की उघडवतच नाही, वर्षभर अशीच ठेवणार." जुनी झालेली कडधान्यं किती कडक होतात ते मला माहीत आहे, तासन्‌तास उकळली तरी मऊ पडत नाहीत. म्हणजे पुढच्या सणाला कधीतरी भर दुपारी त्यांचा फोन येणार, "अगं, तुझं ते सूप काही शिजेना." आणि तो फोन नेमका मामा उचलणार.