बंबफोड

आमच्या नेरूळच्या रो-हाउसमागे साडेतीन फुटी बोळ आहे. आम्ही त्याला परस म्हणतो. तिथे पाणी तापवायचा एक तांब्याचा बंब आहे. चिपळूणच्या घराची वाटणी झाली तेव्हा भावाभावांत सगळ्यावरून भांडणं झाली, फक्त बंबावरून झालं नाही. म्हणून तो माझ्याकडे. एरवी त्याच्या मधल्या नळीत ही छत्र्या ठेवते.

डिसेंबरात आत्या राहायला आली. गीझरखाली बोट धरून म्हणाली, "हे पाणी अंगाला लागत नाही रे." छत्र्या बाहेर निघाल्या.

बंबाची रचना साधी. मध्ये नळी, भोवती पाणी. जळण नळीत वरून टाकायचं, ते जाळीवर बसतं, राख खाली पडते. नरसाळ्यातून जेवढं गार ओताल तेवढं कढत तोटीतून बाहेर. नळी म्हणजे धुराडंच, खालच्या दारातून हवा अशी खेचते की जाळ सुसाट.

मे महिन्यात वाशी मार्केटातून आणलेल्या हापूसच्या रिकाम्या पेट्या मी जपून ठेवल्या होत्या. त्या फोडून टाकल्या. फुर्रकन पेटल्या आणि पेपराचं पान उलटेपर्यंत संपल्या. दर चार मिनिटांनी मी उठतोय, खिळे उपटतोय, फळ्या कोंबतोय. मी पडलो निवृत्त इंजिनिअर. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ वर न्यायला साधारण ३,३५० किलोज्यूल लागतात आणि एक किलो सुकं लाकूड सुमारे १५,००० देतं. म्हणजे काम पाव किलोचं. मी चार पेट्या जाळल्या आणि पाणी कोमट.

मग आठवला ऑगस्टच्या वादळात पडलेला गुलमोहर. त्याचे ओंडके मी ताडपत्रीखाली झाकून ठेवले होते. वरून खडखडीत, पण जाळात टाकले तर टोकांतून फेस आला आणि ते चुर्र करत रडू लागले. लाकडातलं पाणी आटवण्यातच सगळी आच चालली होती. बंबातलं पाणी जिथल्या तिथे, धूर मात्र शेजारच्या बाल्कनीतल्या साड्यांवर. सेक्रेटरींनी गॅलरीतूनच विचारलं, "काका, सगळं ठीक ना?"

शेवटी वखार गाठली. वखारवाल्याने हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?" आंघोळीला हवंय म्हटल्यावर तो आणखीनच गंभीर झाला. बाभळीची बंबफोड, म्हणजे बंबाच्या मापाने फोडलेलं लाकूड, मिळाली.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः पाट घेऊन बंबापुढे बसली. एकेक फोड दुसरीवर आपटून कान दिला. टण्ण वाजली ती सुकी, उजवीकडे; ढप वाजली ती ओलसर, डावीकडे. मी राख झाडायला गेलो तर हातावर फटका बसला.

"बोटभर असू दे. निखाऱ्याला गादी नको?"

चिपाडं पेटवून तिने निखारे होऊ दिले. मग दोन जाड फोडी उभ्या, अगदी अंगाला अंग लावून सोडल्या आणि फटीत तिसरी ठोकून बसवली. मी हवा खेळायला जागा ठेवायचो, असं म्हणालो.

"जागा ठेवलीस की जाळ शिरतो. हे काय, होळी आहे?"

बरोबरच होतं तिचं. माझ्या फळ्यांना चारही अंगांनी हवा मिळत होती. इथे जळायला फक्त बाहेरची बाजू उघडी. फोडी नीट धरेपर्यंत तिने खालचं दार सताड उघडं ठेवलं, मग बोटभर फट ठेवून लावलं. पहिल्यापासून लावलं असतं तर नुसता धूर कोंडला असता. आतून मंद गुरगुर येऊ लागली, दुपारी जेवून झोपलेल्या माणसासारखी.

"जा आता, पेपर वाच," आत्या म्हणाली.

मी अग्रलेखासकट वाचला. आत्याची आंघोळ झाली, माझी झाली, हिने धुणं भिजवलं, तरी साडेअकराला तोटीतून वाफा येत होत्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"एवढं कढत पाणी वाया घालवायचं का?" आत्याने माझ्याकडे बघत विचारलं.

मी दोरीवरचा ओला टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला.